मदत हवी आहे: ऊसतोडीवरून परतणाऱ्यांसाठी सामुदायिक पश्चात्तापविधी

जालना-बीडकडच्या खेड्यांतली कॅथलिक कुटुंबं तोडीवरून परततात तेव्हा प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस) संपत आलेला असतो. त्यांच्यासाठी पवित्र आठवड्याआधी (ईस्टरच्या आदल्या आठवड्याआधी) एक संध्याकाळ ठेवायची आहे. कॅथलिक चर्चच्या १९७३च्या पश्चात्तापविधीतला दुसरा प्रकार हवा: वाचन, प्रवचन, आत्मपरीक्षण सगळ्यांनी मिळून, पापनिवेदन (फादरांपुढे पापं सांगणं) आणि पापक्षमा मात्र एकेकट्याची.

अडचण वेळेची. १२० जण, दोन फादर, माणशी चार मिनिटं धरली तरी चार तास लागतात. मग कुणीतरी सुचवतं, सगळ्यांना एकदम क्षमा देऊन टाका. ते चालत नाही. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ९६१ नुसार मरणाचा धोका किंवा गंभीर गरज असेल तरच तशी मुभा आहे, आणि नुसती गर्दी ही गरज धरत नाहीत. शेजारच्या धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) आणखी दोन फादर मिळाले तर दोन तासांत होईल. रांग मात्र फादरांपासून दहा-बारा फूट दूर हवी. कुजबूज ऐकू आली की माणूस मोठं पाप गिळून टाकतो, आणि जाणूनबुजून लपवलं तर संस्कारच निष्फळ होतो.

खरी मदत आत्मपरीक्षणाच्या प्रश्नांसाठी हवी. छापील प्रश्न फार शहरी वाटतात. बांध कोरला का? उचल घेऊन पळालो का? मजुराचे पैसे अडवले का? दारूपायी बायकोवर हात उचलला का? पाणवठ्यावर जात पाहिली का? असे प्रश्न आपल्या बोलीत कुणी तयार केलेत का? शिवाय प्रायश्चित्त म्हणून नुसत्या प्रार्थनेऐवजी नुकसानभरपाई सांगायची, तर ती कशी सांगावी, म्हणजे गुपितही फुटणार नाही?