मदत हवी आहे: वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप बंदच होत नाही (फ्रंट लोड, गुहागर)

पोफळीखाली
नमस्कार मंडळी. गौरी-गणपती गेले, पाहुणे मुंबईला परतले आणि जाताना चादरींचा डोंगर ठेवून गेले. तो जेमतेम अर्धा उतरला होता, तेवढ्यात मशीन बिनसलं.

७ किलोचं फ्रंट लोड आहे, घेऊन ६ वर्षं झाली. मागच्या पडवीत न्हाणीला लागून ठेवलंय. पाणी विहिरीचं, टाकीतून येतं. काल दुपारी कपडे पिळून झाले, शेवटची शिट्टीही वाजली, पण खालची घरघर काही थांबेना. पाणी बाहेर टाकणारा पंप आहे तो, एवढं मला आवाजावरून कळतं. ड्रम कोरडा, बाहेरच्या पाइपातून थेंब येत नाही, तरी याचं आपलं चालूच. मशीनचं बटण बंद केलं तरी चालू! शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं तेव्हा गप्प बसला. आज सकाळी पुन्हा लावून पाहिलं, दोन सेकंदांत घर्रर्र.

चिपळूणच्या मेकॅनिकला फोन केला. त्याने तिथूनच निदान केलं, "आतला सर्किट बोर्ड गेला ताई, साडेसात हजार धरून चला. रविवारी येतो, येण्याचे ५०० वेगळे." असेलही खरं, त्या आठवड्यात विजा काय कमी कडाडल्या नाहीत. पण मशीनचं तोंडही न बघता साडेसात हजार? रविवारच्या आधी घरी काही तपासता येईल का? मल्टिमीटर नाही. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर आहे.

मालवणी_खाजा
पयलो प्लग काड. मगे बाकीचा काय ता बघ.

जुना_वायरमन
वरच्या प्रतिसादाला माझं अनुमोदन. आणि नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपसा. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं मी कितीदा पाहिलंय. बटण बंद, पण आत वीज आहेच.

आता मुद्द्याचं. मशीनचं बटण बंद असताना पंप चालतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. निम्मे संशयित तिथेच सुटले. मशीन चालू केल्यावरच पंप चालत असता, तर मी आधी पातळीच्या सेन्सरची नळी बघायला सांगितली असती. ड्रमच्या तळाकडून एक बारीक रबरी नळी वर सेन्सरकडे जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला कळतं आत पाणी किती आहे. नळीच्या तोंडाशी साबणाचा साका नि विहिरीचा गाळ बसला की हवा कोंडून राहते. मग रिकामा ड्रमही मशीनला भरलेला वाटतो आणि ते उपसत बसतं. पावसाळ्यात लाल पाणी आलं की ही तक्रार आलीच. दुसरा तसलाच प्रकार म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो पूर्ण मिटत नाही, पाणी झिरपत राहतं आणि पंप मागून उपसत राहतो. पण तुमचा ड्रम कोरडा आहे, त्यामुळे तेही नाही.

उरले दोन. एक, बोर्डावरचा ट्रायॅक. पंपाला वीज सोडायची की नाही हे तो ठरवतो. बिघडला की बहुतेक वेळा आतून चिकटतो, म्हणजे वीज सोडतच राहतो. तेव्हा तुमचा मेकॅनिक अगदीच हवेत बोलला असं नाही.

दुसरा संशयित मात्र फुकटात तपासता येतो. काही फ्रंट लोड मशीनच्या तळाला ट्रे असते. तिच्यात थर्मोकोलचा एक तुकडा आणि त्याच्यावर बारका स्विच. आत कुठे गळती होऊन ट्रेत पाणी साचलं की थर्मोकोल तरंगून वर येतो, स्विच दाबतो आणि पंप सुरू होतो. घरात पाणी पसरू नये म्हणून ही सोय. पण पंप उपसतो ड्रममधलं पाणी, ट्रेतलं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग तो थांबणार कसा? ट्रे सुकेपर्यंत कोरडा फिरत राहतो बापडा.

तपासायचं असं: प्लग बाहेर, नळ बंद, पाण्याच्या नळीला थोडी ढील. मग दोघांनी धरून मशीन सावकाश मागे कलतं करा. एकटीने अजिबात नको, आत काँक्रीटचं वजन असतं, ६० किलोच्या वर भरतं. पाणी गळालं की सरळ करा, तासाभराने प्लग लावून बघा. पंप गप्प राहिला तर बोर्ड ठणठणीत. पाणी निघालंच नाही तर मात्र रविवारची वाट बघा.

खाडीपलीकडे
मध्येच घुसतो, माफ करा. आमचं टॉप लोड आहे, तेही पाणी सोडतच राहतं. भरत असतानाच खालून जातं. मीही मशीन कलतं करू का?

जुना_वायरमन
नको हो! तुमचं दुखणं वेगळं. बऱ्याच टॉप लोडमध्ये पंपच नसतो. एक छोटी मोटर खालचं झाकण ओढून उघडते आणि पाणी उताराने निघून जातं. त्या झाकणाच्या रबराखाली बटण किंवा नाणं अडकलं की ते मिटत नाही. आणि त्याआधी बाहेरचा पाइप जमिनीवर लोळतोय का तेही बघा. पंपाचं मशीन असेल तर पाइप कमरेएवढ्या उंचीवरून वळवून न्यावा लागतो, नाहीतर पाणी आपोआप ओढलं जातं. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

ठाण्याची_लेक
@पोफळीखाली, खालचा फिल्टर एवढ्यात कधी उघडला होतात का? माझ्याकडे एकदा तो तिरका बसला होता. बाहेर लादीवर टिपूस नाही, सगळं आतल्या आत.

पोफळीखाली
हे वाचलं आणि पोटात गोळा आला. हो, उघडला होता, गौरी गेल्या त्याच दिवशी. भाचरं दिवसातून दोनदा समुद्रावर, आणि तेच कपडे न झटकता मशीनमध्ये. फिल्टरमधून मूठभर वाळू, एक हेअरपिन आणि पाच रुपयांचं नाणं निघालं होतं. मोठ्या अभिमानाने परत बसवला होता मी. शेवटच्या आट्याला जरा करकरलं होतं खरं.

शेजारचे काका आणि त्यांचा मुलगा संध्याकाळी वाडीतून आले की मशीन कलतं करतो.

पोफळीखाली
कळवते. काकांनी मशीन मागे कलतं केलं आणि खालून तांब्या-दीड तांब्या पाणी आलं. तांबूस, साबणाच्या वासाचं, तळाला वाळू. सासूबाई म्हणाल्या, "हे तर पंचगंगेचं तीर्थच दिलंन हो मशीनने." रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी प्लग लावला आणि कान देऊन उभी राहिले. गप्प! बटण दाबलं, दिवे लागले, पंप गप्पच.

मग फिल्टर काढला. रबरी रिंगेत वाळूचे कण रुतलेले आणि एका बाजूला रिंग पिळवटलेली. धुऊन, कापडाने पुसून, आटे जुन्या ब्रशने घासून पुन्हा बसवला. या वेळी न करकरता अगदी शेवटपर्यंत गेला. खालची छोटी झडप उघडी ठेवून आत वर्तमानपत्राची घडी सारली आणि दोन टॉवेलांची एक फेरी लावली. पिळून होईपर्यंत कागद कोरडा.

मेकॅनिकला येऊ नको म्हणून फोन केला. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, पाण्याचा प्रॉब्लेम असणार." बरं.

आता शंका एवढीच की टॉर्च मारून खाली बघितलं, तर त्या स्विचच्या वायरी जिथे जोडल्यात तिथे हिरवट काहीतरी चढलंय. तसंच राहू देऊ?

जुना_वायरमन
खारा वारा, दुसरं काय. समुद्रापासून इतक्या जवळ तांबं-पितळ हिरवं पडायचंच. प्लग काढून जोड उपसा, कोरड्या टूथब्रशने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, सुकल्यावर परत खोचा. वंगण किंवा खोबरेल लावू नका, पुष्कळ लोक लावतात. रिंग पिळवटली होती म्हणताय तर ती बदलाच, आज धरली तरी महिन्याभरात पुन्हा सुटेल. जुनी रिंग सोबत घेऊन चिपळूणला जा, नुसत्या मापावर देतील ती बसेलच असं नाही. आणि पंप कोरडाच किती वेळ फिरला? आवाज आधीपेक्षा खडखडीत झाला असेल तर सांगा, आतलं बेअरिंग झिजलं असेल.

पोफळीखाली
जेमतेम अर्धा तास चालला असेल. आवाज आधीसारखाच वाटतोय. रिंगेचं शनिवारी बघते, तोवर रोज कागद ठेवून फेरी लावेन. चादरी अजून नऊ उरल्यात आणि बाहेर पुन्हा भरून आलंय.

मालवणी_खाजा
प्लग काडलंस ना पण?

पोफळीखाली
काढला होता हो दादा. दोन्ही वेळा.