गौरीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी यंदा घेतली नाही

कोरेगावची सून (धागा सुरू करणारी)

लग्नाला 19 वर्षं झाली. त्यातल्या किमान 12 भाद्रपदांत मी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली आहे. दिवसाला तीन, तारखेच्या तीन दिवस आधीपासून ते गौरी विसर्जन होईपर्यंत. घरात कुणी कधी ‘घे’ म्हणून सांगितलं नाही. श्रावण सरत आला की सासूबाई एवढंच म्हणायच्या, “तुझं काय, ते बघून ठेव.” मी मेडिकलमध्ये जाऊन ‘त्या गोळ्या’ मागायची. दुकानदार काही न विचारता काळ्या पिशवीत घालून द्यायचा. पाळी हा शब्द आम्हा तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघायचा नाही.

मागच्या वर्षी गोळी थांबवल्यावर 11 दिवस अंगावरून जात राहिलं. डोकं असं ठणकायचं की भाकरी भाजताना जाळाकडं बघवत नव्हतं. शेवटी डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, “गोळी लिहून कुणी दिली?” मला उत्तर देता येईना. मग त्यांनी नीट समजावलं. हे हार्मोन आहे. एखाद्या वेळी तपासून घेतलं तर बहुतेकींना बाधत नाही. पण रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा आजार किंवा अर्धशिशी असेल तर परस्पर घ्यायचं नाही. मला लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. 12 वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही, कारण मी कुणाला विचारायची संधीच दिली नव्हती.

दुसरं कारण माझी लेक. नववीत आहे. पॅडनं पुरळ येतं म्हणून सुती घडी वापरते. एकदा परसातल्या दोरीवरचा टॉवेल काढला तर खाली तिची घडी. दोन दिवस तशीच ओली, कुबट वासाची. मी म्हटलं, “अगं, उन्हात का नाही घातलीस?” ती म्हणाली, “तूच तशी घालतेस की.” खरंच आहे. मी टॉवेलखाली घालते. माझी आई परकराखाली घालायची. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

यंदा गौरी आवाहनादिवशीच सकाळी पाळी आली. स्वयंपाकघरात सगळ्या होत्या, तिथंच मी म्हटलं, “मला पाळी आलीय.” जाऊबाई मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. भावजी चहाचा कप घेऊन सोप्यात गेले. सासूबाई “बरं” म्हणाल्या. गौरीची पावलं जाऊबाईंनी काढली, साडीही त्यांनीच नेसवली. मी मुखवट्यांना हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुरण मी वाटलं, पंगतीत बसले, कोपऱ्यात बसले नाही.

देवाला काय चालतं यावर मी बोलत नाही. मला माझ्याच अंगाची इतकी लाज होती की डॉक्टरला विचारायच्या आधी मी गोळी गिळत होते. ही लाज सोडायची तर आधी शब्द तोंडातून निघाला पाहिजे, असं मला वाटतं. तुमच्याकडं कसं आहे?

ओगलेवाडीच्या आजी (नात टाइप करून देतेय)

बाई, तू बोललीस ते बरं केलंस. पण बाहेर बसणं सगळं वाईटच होतं असं म्हणू नको. आमच्या घरात 16 माणसं. पहाटे जात्यावर बसायचं, मग विहिरीवरनं घागरी, मग शेतावर भाकरी पोचवायची. कावळा शिवला की चार दिवस मला कुणी ‘ऊठ’ म्हणत नव्हतं. सासू लांबनं ताटली सरकवायची, पण आयती भाकरी मिळायची. मी गोधड्या शिवल्या त्या त्याच चार दिवसांत. तुम्ही कप, पॅड घेऊन कामाला पळता, पोट दाबून बसता. तुम्हाला कोण बस म्हणतं?

आणि आम्हाला लाज नव्हती. मला न्हाण आलं तेव्हा मखरात बसवलं होतं, हिरवं लुगडं, केळीचे खुंट, बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली. सगळ्या आळीला ठाऊक. तुमचीच पोरं काळ्या पिशवीत आणतात.

शिराळ्याची लेक

आजी, रागावू नका, पण माझ्या आईच्या वाट्याला असा आराम आला नाही. आमच्याकडं पाऊस किती लागतो ते तुम्हाला माहीत असेल. आषाढात ती गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसायची. पोतं खालून ओलं, वरून पागोळी. एकदा तापानं फणफणली होती तर आजीनं लांबूनच काढा ठेवला, कपाळाला हात लावला नाही. मी सहा वर्षांची, मला आईजवळ जायचं होतं आणि सगळे ‘शिवू नको’ म्हणून ओरडत होते. माझी पाळीची पहिली ओळख ती आहे.

आराम हवाच, त्याबद्दल वाद नाही. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. ती त्यांना विटाळ मानून दिलेली नाही. आणि मखराचं म्हणाल तर, पोर आता लग्नाजोगी झाली हे आळीला कळवण्यासाठीच तो सोहळा असायचा. माझ्या आत्याला मखरात बसवलं आणि पुढच्या वैशाखात ती सासरी गेली. तिची शाळा तिथंच सुटली.

सोवळं माझं

कुणी सक्ती केली तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण मी स्वतः पाळते. बँकेत नोकरी करते, पगार माझा आहे, घरात कुणी मला सांगणारं नाही. चार दिवस देवघरात जात नाही, औदुंबरला दर पौर्णिमेला जाते ती पाळी असली तर जात नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उपवास करणाऱ्या माणसाला अन्नाची लाज वाटते असं आपण म्हणत नाही. मग माझ्या पाळण्याला लाज का म्हणता? हल्ली श्रद्धेनं केलेली प्रत्येक गोष्ट ‘तुमच्यावर लादलेली’ म्हणून धरतात, त्याचा मला मनापासून त्रास होतो.

वाईकर मावशी

ताई, तुमच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. पण उपवासाचं उदाहरण मला पटलं नाही. ऋषिपंचमीची कहाणी आठवा. पाळीत शिवाशिव झाली तर तो दोष लागतो आणि तो जावा म्हणून हे व्रत, असं त्यात सरळ आहे. मी 22 वर्षं ऋषीची भाजी केली, बैलाच्या कष्टाचं काही खाल्लं नाही, पण कहाणी ऐकताना दर वेळी वाटायचं, माझ्या अंगानं स्वतःहून केलेल्या गोष्टीबद्दल मी माफी का मागतेय? उपवासात कुणी भुकेबद्दल माफी मागत नाही.

आणि हा प्रश्न आपल्याकडं बाहेरून आलेला नाही. चोखोबांच्या सोयराबाईंनी 14व्या शतकातच विचारलंय की विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे तरी कुठला. वारीला जाणाऱ्या घरांतून हे म्हणतात आणि त्याच घरांत सुनेला बाजूला बसवतात.

भाजी मी अजून करते. कहाणी वाचायची सोडली.

सोवळं माझं

कहाणीतला दोषाचा भाग मलाही आवडत नाही, हे मान्य. पण मी देवघरात जात नाही ते दोष लागेल म्हणून नाही. ते चार दिवस माझे असतात म्हणून. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर मी अजून कसा सांगू ते कळत नाही.

मिरजेचा एक बाप

पुरुषानं इथं लिहावं की नाही याचा विचार करून लिहितोय. धागा सुरू करणाऱ्या ताईंनी दीर समोर असताना तसं म्हणायची गरज नव्हती, असं मला वाटतं. आमच्या घरात मुलीला जे हवं ते तिची आई बघते, मी पैसे देतो, मध्ये पडत नाही. ही लाज नाही, ही मर्यादा आहे. प्रत्येक गोष्ट चारचौघांत बोललीच पाहिजे का?

कोरेगावची सून

दादा, चारचौघांत बोललंच पाहिजे असं मी म्हणत नाही. ज्याचं अंग त्यानं ठरवावं. पण मर्यादा आणि लपवणं यातला फरक असा ओळखायचा की अडचणीच्या वेळी बोलता येतं का. उद्या आई गावाला गेली आणि लेकीच्या पोटात कळ आली, तर ती तुम्हाला ‘बाबा, पॅड आणा’ म्हणेल का? माझी लेक तिच्या बापाला म्हणणार नाही. आणि तो वाईट बाप नाही.

मिरजेचा एक बाप

नाही म्हणणार. ते खरं आहे. दिरासमोरचं माझं मत मात्र तसंच आहे.

सिस्टर

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात 20 वर्षं झाली. वाद तुम्ही करा, मी जे रोज बघते ते सांगते. बायका येतात तेव्हा हिमोग्लोबिन सहा-सात असतं. विचारलं तर ‘थोडं जास्त जातंय’ म्हणतात. कधीपासून? दोन वर्षं. कुणाला सांगितलं? कुणाला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याला खाणं कमी पडतं, बाळंतपणं जवळजवळ होतात, अशी कारणं आहेतच. पण वर्षानुवर्षं जास्त रक्त जाणं आणि ते न सांगणं हेही आहे.

साधारण एका पाळीत 30 ते 40 मिली जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. हे मोजत कुणी बसत नाही, पण तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठवडा उलटून गेला तरी थांबत नसेल, तर दाखवायचं. पोट दुखतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळं, त्यानं गर्भपिशवी आवळते. पण दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल तर ‘बाईच्या जातीला सोसायचंच’ म्हणून सोडू नका. त्यामागं एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे.

कोरेगावच्या ताई, घडी साबणानं धुऊन कडक उन्हातच वाळवायची. सावलीत ओली राहिली की मग खाज, जखम, वास घेऊन पोरी येतात आणि तेही सांगताना मान वर करत नाहीत.

ऊसपट्टा

वाळवा तालुक्यात शिक्षक आहे. सगळं वाचलं. मला सारखं वाटतंय की ही घर असलेल्यांची चर्चा आहे. दिवाळीनंतर आमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या, जतकडच्या. पालाला दार नाही, संडास नाही, आंघोळ पहाटे अंधारात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि कामाचा दिवस बुडाला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवशीही बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढते. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काही तर तिशीही न ओलांडलेल्या. त्यांना लाज सोडा म्हणून सांगून काय होणार? त्यांना पाणी, आडोसा आणि खाडा न कापणारा मुकादम पाहिजे.

कोरेगावची सून

सर, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण मला त्यात माझी गोळीही दिसली. सणाच्या आड पाळी येते म्हणून मी गोळी घेतली. कामाच्या आड येते म्हणून त्यांनी पिशवी काढली. अंग आड येतं, मग अंगालाच बाजूला करा, ही समजूत दोन्हीकडं एकच आहे.

ऊसपट्टा

एकच नाही ताई. तुम्ही यंदा गोळी घेतली नाहीत तर सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या. ऊसतोडीच्या बाईनं नाही म्हटलं तर मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटत नाही. कृपा करून एका दोरीत बांधू नका.

कोरेगावची सून

बरोबर आहे. मी घाईनं लिहिलं. तिथं आधी पाणी आणि खाडा, मग बाकीचं.

ओगलेवाडीच्या आजी

त्या शिराळ्याच्या पोरीला सांग, तिच्या आईचं वाचून मला झोप लागली नाही. आमची सासू बरी होती म्हणून मला तो आराम वाटला असेल. पण चार दिवस बसायला मिळालं पाहिजे, हे मी सोडणार नाही. आणि सुनबाई, सासू ‘बरं’ म्हणाली, पुढं काय? ते तू लिहिलंच नाहीस.

कोरेगावची सून

आजी, विसर्जनाच्या रात्री भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, “गोळी नाही घेतलीस, मग पोटात लई दुखलं का?” 19 वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, दुखलं. तर म्हणाल्या, “मग पाट्यावर बसायचं न्हवतं, मिक्सर होता की.” त्यांच्या वेळी जुन्या लुगड्याचे तुकडे हौदामागच्या कोनाड्यात ठेवायच्या, विंचू निघायचा, हेही तेव्हाच कळलं.

आणखी एक. आमच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख, भिशी, सगळं लिहिलेलं असतं. माझी पाळी मात्र पानाच्या मागं पेन्सिलीचा एक ठिपका. या महिन्यात लेकीनं तिच्या तारखेला दुधाच्या आकड्याशेजारीच निळ्या पेनानं ‘पाळी’ लिहिलंय. मागची पानं उलटून आम्ही दोघींनी दिवस मोजले. तिचे 41 आले. सिस्टर, हे जास्त आहे का?

सिस्टर

सुरू होऊन किती झालं? पहिल्या दोन-तीन वर्षांत 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. मोठ्या बाईला 35 पर्यंत. तीन महिने आलीच नाही तर घेऊन या. तोवर लिहीत राहू दे.

कोरेगावची सून

दीड वर्ष झालं. सांगते तिला.