जुनी मालवाहू जेट विमानं: तोडायची की जपायची? मुलांना काय सांगू?

सहकारनगरच्या_बाई

मी पुण्यात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवी-नववीच्या मुलामुलींचा विमानांच्या प्रतिकृती करणारा गट चालवते. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएस या पार्सल कंपनीचं एमडी-11 जातीचं मालवाहू विमान उड्डाण करतानाच डावं इंजिन निखळून कोसळलं. पुढे यूपीएसने आपली सगळी एमडी-11 कायमची निवृत्त केली. तेव्हापासून मुलं विचारतायत, आता या विमानांचं काय होणार? जगात एकूण 200च बनली होती. सगळी कापणार का? त्यातलं एखादं पुण्यात आणून ठेवता येईल का? मला त्यांना नुसतं "नाही" म्हणायचं नाहीये. या क्षेत्रात काम केलेल्या कोणी कारणांसकट सांगितलं तर फार बरं होईल.

हँगरवाले_काका

बाई, माझी नोकरी विमान देखभालीत झाली, त्यातली बरीच वर्षं मालवाहू बोइंग 737 वर, रात्रपाळीत. निवृत्तीनंतर आता धानोरीला असतो. प्रश्न वाचून राहवलं नाही.

मालवाहू विमान बऱ्याचदा दोन जन्म जगलेलं असतं. आधी प्रवासी म्हणून उडतं. मग खुर्च्या काढतात, डाव्या कुशीत मोठं दार कापतात, फ्लोअर मजबूत करतात आणि ते माल वाहायला लागतं. पुढे कधीतरी डी-चेक, म्हणजे विमान जवळजवळ पूर्ण उघडून करायची तपासणी, जवळ येते. तिचा खर्च करण्यापेक्षा सुटे भाग विकण्यात जास्त पैसे असतील तर विमान अमेरिकेतल्या मोहावी, व्हिक्टरव्हिल किंवा स्पेनमधल्या तेरुएलसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी जातं. तिथे गंज हळू चढतो. सगळ्यात आधी इंजिनं उतरवतात, खरी किंमत तिथेच असते. मग लँडिंग गिअर, शेपटीतलं एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं छोटं इंजिन), कॉकपिटमधली उपकरणं. उरलेला सांगाडा ॲल्युमिनियमच्या भावाने जातो.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. भाग विकला जातो तो त्याच्या कागदांवर. इंजिनात फिरणाऱ्या डिस्कला ठरावीक सायकल्सचं (एक उड्डाण म्हणजे एक सायकल) आयुष्य असतं, आणि ती बनली त्या दिवसापासूनचा हिशेब लागतो. मधली नोंद गहाळ झाली तर डिस्क कितीही चकचकीत असली तरी भंगारात जाते. आम्ही पहाटे चारला, डोळे मिटत असतानाही, लॉगबुक भरल्याशिवाय घरी जायचो नाही ते याचसाठी.

एमडी-11 बद्दल म्हणाल तर लुईव्हिलच्या तपासात, इंजिन धरून ठेवणारा पायलॉन पंखाला मागच्या बाजूला जिथे जोडलेला असतो तिथे धातू थकून पडलेले तडे सापडले. विमानाचा प्रकारच उडायचा थांबला की त्याच्या पंखाला, दाराला गिऱ्हाईक उरत नाही. इंजिनांचं तसं नाही. एमडी-11 वरच्या सीएफ6-80सी2 आणि पीडब्ल्यू4000 या इंजिनांची भावंडं बोइंग 767 आणि 747-400 वरही आहेत, त्यामुळे त्यांच्यातल्या बऱ्याच भागांना मागणी राहते.

पुण्यात आणायचं तर लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे कायमची जागा मिळणं अवघड. रस्त्याने आणायचं तर एमडी-11 च्या धडाचा व्यासच सहा मीटर. घाटातून, पुलांखालून ते यायचं नाही. 737 चं धड पावणेचार मीटरच्या आसपास, ते येऊ शकतं. आलंय सुद्धा! 1982 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे आलेलं एक 737-200 शेवटी मालवाहू होऊन टपाल खात्यासाठी उडत होतं. 2012 पासून ते कोलकाता विमानतळावर उभं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रेलरवर चढवून बंगळुरूला नेलं, देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी. ती बातमी मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मालवाहू जेटचा याहून चांगला शेवट मला सुचत नाही. फेडएक्स या अमेरिकी पार्सल कंपनीने आपली कितीतरी बोइंग 727 अशीच शिक्षणसंस्थांना देऊन टाकली.

ऋता_एरो

काका, मी एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला हे पूर्ण पटत नाही. प्रशिक्षणाचं विमान विद्यार्थी उघडून उघडून संपवतात. मग एक तरी अख्खं जपायला नको का? नौदलाचं टीयू-142 हे समुद्रावर गस्त घालणारं विमान 2017 मध्ये निवृत्त झालं, ते सुटं करून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर पुन्हा जोडलं आणि लोक आत जाऊन बघतात. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं पंख्यांचं विमान आहे. मग मालवाहू जेटनेच काय पाप केलंय?

हँगरवाले_काका

ऋता, पाप काहीच नाही, आणि तुझी तळमळ मला कळते. फेडएक्सच्या सुरुवातीच्या ताफ्यातलं छोटं फाल्कन 20 विमान अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपलंय, म्हणजे कोणाला तरी ते महत्त्वाचं वाटलं. पण उघड्यावरच्या विमानाला दर पावसाळ्यानंतर माणूस लागतो. पाणी निघायची भोकं बुजतात, फ्लोअरखाली पाणी साचतं, रिव्हेटभोवती, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, गंजाची पांढरी पूड दिसायला लागते. समुद्रकाठी तर खारी हवा. उद्घाटनाला पैसे मिळतात, दहाव्या वर्षीच्या रंगाला मिळवणं कठीण. शेड आणि कायमचा एक मेकॅनिक असेल तर अख्खं ठेवा, मी स्वतः येऊन हात लावीन. नसेल तर नुसतं नाक जपा. कॉकपिटचा भाग एका ट्रेलरवर येतो आणि छपराखाली मावतो.

भोसरी_शीटमेटल

बाई, नाक मिळेल तेव्हा मिळेल. मुलांना आमच्या वर्कशॉपला घेऊन या. विमानात वापरतात त्या '2024' क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा, रिव्हेट गन आणि मागे धरायला बकिंग बार (लोखंडी ठोकळा), सगळं आहे. दोन पत्रे स्वतः जोडले की विमानाचं अंग कसं उभं राहतं ते हाताला कळेल. गुरुवारी आमच्याकडे वीज नसते, तो वार सोडून कधीही.

सहकारनगरच्या_बाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! दिवाळीच्या सुट्टीत भोसरीला नक्की. काका, तुमचं कागदांबद्दलचं वाचून दाखवल्यावर मुलांनी ठरवलंय की आपल्या प्रत्येक प्रतिकृतीला लॉगबुक करायचं. त्यात काय काय लिहायचं ते सांगाल का?

हँगरवाले_काका

तारीख, काय केलं, कोणता भाग काढला, कोणता बसवला, कोणी केलं आणि कोणी तपासलं. करणारा आणि तपासणारा वेगळे हवेत. पेनानेच लिहायचं. चुकलं तर खोडरबर किंवा व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही.