नाईफमधला 'के' कशाला? इंग्रजीच्या इतिहासावर काही सुचवा

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यात नववीला इंग्रजी शिकवतो. परवा एका पोरीनं विचारलं, "सर, नाईफमधला के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" 'पाठ कर' म्हणून वेळ मारून नेली. दिवसभर स्वतःचीच लाज वाटली. या भाषेचा इतिहास सोपा करून सांगणारं काही आहे का? अन् पालक म्हणायलेत, मोबाईल भाषांतर करतो, मग इंग्रजी कशाला? त्यावरही काही असेल तर सांगा.

अंबाजोगाईकर
सर, तो के आधी बोलायचेच, 'क्नीफ' असा. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. पुढं स्पेलिंग छापात गोठत गेलं, तोंडातला उच्चार मात्र बदलत राहिला.

केव्हिन स्ट्राउडचा 'द हिस्टरी ऑफ इंग्लिश पॉडकास्ट' ऐका. फुकट आहे, 2012 पासून चालू आहे. सुरुवात थेट इंडो-युरोपीय मूळ भाषेपासून, म्हणजे आपलं 'नाव' अन् त्यांचं 'नेम' एकाच घरचे, तिथून. मी लातूरला जाताना एसटीत ऐकतो.

1066 चा भाग पोरांना नक्की सांगा. फ्रान्सच्या नॉर्मंडीतले नॉर्मन इंग्लंड जिंकून आले, दरबार फ्रेंच झाला. कोर्ट, जज, ज्यूरी हे शब्द तिकडचे. गोठ्यात 'काऊ' इंग्रजी राहिली, ताटातलं 'बीफ' फ्रेंच झालं. आपल्याकडं वकील, फिर्याद, तारीख असेच राज्यकर्त्यांच्या भाषेतून आले की. आमच्या आजोबांचा जमिनीचा कागद निजामाच्या काळचा, उर्दूतला. घरात एकालाही वाचता येत नाही.

हुरडा_पार्टी
मंगूस सांगा! मुंगूस इंग्रजीनं मराठीतूनच उचललाय. हे सांगितलं तेव्हा माझा मागचा बाक पहिल्यांदा जागा झाला.

नांदेडी
इंग्रजीचं पुढं काय, यासाठी भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांचं 'इंग्लिश ॲज अ ग्लोबल लँग्वेज' वाचा. 1997 चं आहे, स्मार्टफोनच्या आधीचं, हे धरून वाचा. मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा शिकून बोलणारे जास्त झाले की भाषा कुणा एकाच्या मालकीची राहत नाही, हा त्यातला मुद्दा मला पटला. आपलं 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडं आणणं, पोस्टपोनच्या उलट) आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहेच. पालकांना मी भाच्याचं सांगतो: पुण्यात नोकरीला, मेल मोबाईलकडून लिहून घेतो, अन् मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की गप्प.

गोदाकाठ
लई आभार. उद्या वर्गात 'क्नीफ' म्हणून दाखवतो, हसू द्या पोरांना. अंबाजोगाईकर, भाग डाउनलोड करून ठेवता का? आमच्या रस्त्याला रेंजच नाही.