‘सेल टाइप’ आणि ‘जीनोम रेग्युलेशन’ यांसाठी मराठीत काय लिहावे?

विचारणा (कराड): माझ्या भाचीच्या पीएच.डी.चा विषय प्राण्यांमधील ‘सेल टाइप’ची उत्क्रांती आणि ‘जीनोम रेग्युलेशन’ हा आहे. घरच्यांना समजेल असा त्याचा दोन पानी मराठी सारांश लिहायला मी बसलो आणि ‘पेशींच्या जातींची उत्क्रांती आणि जनुकसंचाचे नियंत्रण’ या पहिल्याच ओळीवर आईने विचारले, “पेशींतसुद्धा जाती असतात होय रे?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. योग्य शब्द सुचवावेत.

प्रतिसाद (वाई): आईंची शंका रास्त आहे. मराठी जीवशास्त्रात ‘जाती’ हा शब्द ‘स्पीशीज’साठी ठरलेला असल्यामुळे तो येथे वापरल्यास घोटाळाच होईल, ‘पेशीप्रकार’ लिहावे. ‘पेशी’बद्दल मात्र निःशंक असावे. आमच्या गावी सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत ‘कोशिका’ आढळते आणि हिंदीतही तोच शब्द चालतो, कारण हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू. मराठीने त्या अर्थासाठी ‘स्नायू’ हाच शब्द धरून ठेवल्यामुळे ‘पेशी’ आपल्याकडे मोकळी राहिली. (कोर्टातली पेशी निराळी, ती फारसीतून आली.)

‘जनुकसंच’ या शब्दाला माझी हरकत आहे. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे 300 कोटी अक्षरजोड्या (बेस पेअर) आहेत. प्रथिने घडवणारी जनुके त्यांत सुमारे 20,000 असली, तरी प्रथिनांचा मजकूर प्रत्यक्ष सांगणारा भाग जेमतेम दीड टक्का भरतो. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती चालावे हे ठरवणारे बहुतेक तुकडे त्या दीड टक्क्याबाहेर आहेत आणि आपल्या भाचीचे संशोधन नेमके त्यांच्याशी संबंधित असणार. ‘जनुकसंच’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर फक्त जनुके येतात आणि विषयच झाकला जातो. म्हणून ‘जीनोम’ तसाच ठेवावा.

प्रतिसाद (तासगाव): ‘नियंत्रण’ नको, ‘नियमन’ हवे. महागाई नियंत्रण, गर्दी नियंत्रण अशा वापरामुळे त्या शब्दाला आवर घालण्याचा अर्थ चिकटला आहे, आणि येथे तर जनुक चालू करणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आजींना सांगायचे असेल तर उसाला पाणी पाजताना दारे धरणाऱ्या माणसाची आठवण द्यावी. पाटाचे पाणी तेच असते. तो खोऱ्याने एका सरीचे तोंड बुजवतो, पुढच्या सरीचे फोडतो, आणि काय भिजेल ते त्यावर ठरते. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत जीनोम एकच असतो, दारे तेवढी निराळी उघडलेली असतात. उपमा येथवरच ताणावी, कारण एका जनुकाला अनेक दारे असतात आणि त्यांतली काही त्याच्यापासून फार लांबवर असतात.

‘प्रकार’ऐवजी ‘वाण’ सुचवण्याचा मोह द्राक्षवाल्याला होणारच. पण वाण माणूस निवडून राखतो, पेशीप्रकार कोणी राखलेला नसतो.

प्रतिसाद (वाई): एक राहिले. ‘पेशींची उत्क्रांती’ असे मोघम लिहू नये. गर्भात एका पेशीपासून नाना प्रकारच्या पेशी घडतात ते ‘विभेदन’. त्याला काही दिवस किंवा महिने पुरतात. उत्क्रांती घडते ती पिढ्यान्‌पिढ्या. हायड्रा, जेलीफिश, समुद्रफूल यांच्या शुंडकांवरील दंशपेशी शालेय पुस्तकात येतात. हा पेशीप्रकार त्यांच्या संघाबाहेर कोठेही नाही. तो त्यांच्या पूर्वजांत कसा निर्माण झाला, हा उत्क्रांतीचा प्रश्न. आजच्या हायड्राच्या अंगात नवी दंशपेशी कशी तयार होते, हा विभेदनाचा. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांत नियमन येते, त्यामुळेच गल्लत होते.

विचारणा (कराड): आभारी आहे. ओळ आता अशी केली आहे: ‘प्राण्यांमध्ये नवे पेशीप्रकार पिढ्यान्‌पिढ्या कसे उदयास आले आणि त्यात जीनोमच्या नियमनाचा वाटा कोणता, याचा हा अभ्यास आहे.’ आईला दारे धरण्याचा दाखला पटला. मात्र जीनोममध्ये दारे धरणारा गडी कोण, असे ती विचारते आहे.

प्रतिसाद (तासगाव): तीही प्रथिनेच. त्यांना ‘नियामक प्रथिने’ म्हणावे, आणि त्यांना घडवणारी जनुके त्याच जीनोममध्ये असतात हेही आईंना सांगावे.