वापरलेली क्रँक पुली बसवण्यापूर्वी काय काय तपासावे?

हर्णैचा तांडेल

नमस्कार मंडळी. आमची मासेमारीची बोट हर्णै बंदरातली आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ती किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असल्यामुळे इंजिनाची रखडलेली कामे आता हातात घेतली आहेत. इंजिन सहा सिलिंडरचे डिझेल असून क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला रबर असलेली पुली आहे. तिचे रबर सुटले आणि बाहेरचे कडे हाताने हलू लागले, म्हणून ती काढून टाकली. नव्या पुलीची किंमत परवडणारी नसल्याने जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याच पार्ट नंबरची वापरलेली पुली आणली आहे. दुकानदाराने पुली पसंत न पडल्यास आठवड्याभरात परत घेण्याचे कबूल केले आहे.

पुली वरवर पाहता चांगली दिसते, पण तिला नुकताच काळा रंग मारलेला आहे. पट्टा बसतो त्या एका खाचेच्या काठाचा लहानसा टवका उडालेला आहे आणि रबर एका बाजूला किंचित फुगल्यासारखे वाटते. या पुलीवरून एक पट्टा आल्टरनेटरला आणि दुसरा खाऱ्या पाण्याच्या पंपाला जातो, त्यामुळे समुद्रात ती निकामी झाली तर इंजिन तापून बंदच करावे लागेल. घरच्या घरी कोणती तपासणी करता येईल? आमचे मिस्त्री म्हणतात की पुली रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावी आणि मग खडू फासावा, म्हणजे तडा असल्यास दिसतो. हे योग्य आहे का?

गॅरेजवाला, चिपळूण

तांडेलदादा, पुली रॉकेलमध्ये मुळीच बुडवू नका. मिस्त्रींची पद्धत अखंड बिडाच्या पुलीसाठी चांगली आहे, कारण रॉकेल तड्यात शिरते आणि पुसून कोरडे केल्यावर खडूच्या थरावर ओली रेघ उमटते. परंतु आपल्या पुलीत रबर आहे, आणि रॉकेल शोषून रबर फुगते व मऊ पडते. म्हणजे तपासणीतच चांगला भाग बिघडायचा. हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकण्याची युक्तीही येथे उपयोगाची नाही, कारण रबर नाद मारून टाकते आणि निर्दोष पुलीसुद्धा बद्दच वाजते.

पहिले काम म्हणजे तो नवा रंग काढणे. विकण्यासाठी मारलेला रंग बारीक तडे आणि गंज दोन्ही झाकतो. मधला हब (शाफ्टवर बसणारा भाग), चावीचा गाळा (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून घालायच्या लोखंडी चावीची खाच) आणि बोल्टच्या भोकांभोवतीची जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत स्वच्छ करा. तडे बहुधा गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून किंवा भोकाच्या कडेपासून सुरू होतात. त्यासाठी लाल रंगाचा डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा) स्प्रे मिळतो, तो फक्त हबवर वापरावा आणि रबरावर चिकटपट्टी लावून ठेवावी.

आता रबराविषयी, कारण खरी मेख तेथेच आहे. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकशाफ्टला पीळ बसतो आणि तो किंचित उलगडतो. रबरावर बसवलेले बाहेरचे जड कडे ही थरथर शोषून घेते. त्यामुळे ही पुली केवळ पट्टे फिरवण्यासाठी नाही. रबर निकामी असूनही पट्टे व्यवस्थित फिरत राहतात, तांडेलाला काही कळत नाही, आणि थरथर मात्र क्रँकशाफ्टवर, पुढच्या गिअरांवर व बोल्टांवर जात राहते. सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टला ही गोष्ट अधिक जाचते, आणि शेवटी शाफ्ट मोडण्यापर्यंतही मजल जाऊ शकते.

रबरावर नख दाबून पाहा. ते दगडासारखे कडक झाले असेल, त्याला खोल चिरा असतील, किंवा तेल पिऊन ते चिकट झाले असेल तर पुली बाद समजावी. आपण सांगता तो फुगवटा मला सर्वांत संशयास्पद वाटतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रबर आणि लोखंड यांच्या सांध्यात गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळे तो रबराला ढकलत बाहेर काढतो. फीलर गेजचे (फट मोजायच्या पात्यांच्या साधनाचे) सर्वांत पातळ पाते त्या सांध्यात सहज शिरते का, ते सगळीकडे फिरवून पाहा. पुली उलटी करून बाहेरच्या कड्याच्या मागच्या काठावर समोरासमोर चकचकीत दाबखुणा आहेत का, तेही बघा. असल्यास कोणीतरी तेथे पुलरचे (पुली ओढून काढायच्या अवजाराचे) पाय अडकवून ती ओढलेली आहे आणि तो सगळा ताण रबराने सोसलेला आहे.

टर्नर, रत्नागिरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु रबर चांगले निघाले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पुल्यांमध्ये मधले भोक आणि चावीचा गाळा हेच अधिक खराब असतात. भोकाच्या आत तांबूस भुकटी किंवा चट्टे दिसले तर ती पुली शाफ्टवर सैल राहून घासत होती, असे समजावे. गाळ्याची एक भिंत दबून कड गोल झाली असेल तर नवी चावीसुद्धा त्यात खेळेल आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू करताना ठोका बसेल. शाफ्टचे टोक मायक्रोमीटरने आणि भोक बोअर गेजने मोजून घ्यावे. नुसते घालून पाहिल्याने खात्री होत नाही.

हबच्या ज्या गुळगुळीत भागावर ऑइल सीलचा ओठ टेकतो, तेथून नख आडवे फिरवा. नख अडकले तर सील नवे घालूनही तेल गळणार. हा दोष मात्र सुधारता येतो, कारण अशा जागेवर चढवायची पातळ स्लीव्ह मिळते.

टवक्याबद्दल सांगायचे तर तो खाचेच्या वरच्या काठापुरताच असेल तर बारीक कानशीने धार मोडून काम भागते. तिरप्या भिंतीवर असेल तर तो पट्टा सोलत राहील. खाचेत नवा पट्टा बसवून पाहा: त्याची पाठ काठाच्या बरोबरीने किंवा किंचित वर राहिली पाहिजे. व्ही पट्टा भिंतींवर पकड घेतो, तळावर नव्हे. म्हणून खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर खाच झिजून रुंद झाली आहे. भिंतीला सरळ पट्टी लावल्यावर मध्ये साधारण ०.८ मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा दिसला तर पुली घेऊ नये.

हर्णैचा तांडेल

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रंग काढला. हबला तडा नाही, गाळा स्वच्छ आहे आणि टवकाही काठापुरताच आहे. मात्र जेथे रबर फुगले होते तेथे फीलर गेजचे पाते आत गेले आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर गंजाची पूड आली. बाकीच्या घेरात सांधा घट्ट आहे. एवढ्या दोषावर हा एक हंगाम काढता येईल का, की हा माझा लोभ आहे?

मालवणचा एक बोटवाला

दादा, ही पुली परत करा. गंज एकदा सांध्यात शिरला की तो घेरभर पसरत जातो, आणि बाहेरचे कडे घसरले तर त्यावरची टायमिंगची (इंधन कधी फवारायचे ते जुळवायची) खूणही खोटी ठरते. मग इंजेक्शन पंपाचे टायमिंग त्या खुणेवरून लावणारा मिस्त्री विनाकारण गोंधळात पडतो.

दुसरी आणायला जाताना आपली काढलेली पुली बरोबर न्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुल्यांमध्ये कड्याचे वजन आणि रबराची जाडी वेगळी असू शकते, म्हणून पार्ट नंबर जुळला तरी कड्याची जाडी, हबची खोली आणि खाचांचे मागच्या काठापासूनचे अंतर दुकानातच ताडून घ्या. बसवताना हातोडी वापरू नका, आणि बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. नंतर हब, रबर आणि कडे या तिन्हींवरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवा. बंदी उठण्याआधी जेटीला बांधलेल्या अवस्थेतच इंजिन भार देऊन चालवा आणि बंद केल्यावर रेघ पाहा. ती कड्यावर पुढेमागे सरकलेली दिसली तर ती पुलीही परत न्यायची आहे, म्हणून परतीची मुदत या वेळी कागदावर लिहून घ्या.