वेदीपुढचे दान आणि घरातला अबोला : आपले अनुभव लिहा

बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, दान घेऊन वेदीपाशी गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. मला अडखळायला लावते ते हे, की आपल्या मनात राग आहे का, असे इथे विचारलेलेच नाही. राग त्याच्या मनात आहे आणि उठून जायचे आहे आपण. यावरील प्रवचने पुष्कळ ऐकून झाली आहेत. इथे उपदेश नको; रोजच्या नात्यांत हे कसे जमले, किंवा का जमले नाही, ते लिहावे. नावे टाळावीत.

वसईहून, एक गृहिणी

आमच्या वाडीची वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, आणि मोटर कोणी किती वेळ चालवायची यावरून माझे यजमान आणि दीर यांचे बोलणे तुटले. दोघेही रविवारी चर्चमध्ये एकाच मिस्साला, म्हणजे उपासनेला, येत. परमप्रसादाआधी एकमेकांना शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की एक उजवीकडच्या बाकांकडे वळे आणि दुसरा डावीकडच्या, इतक्या सफाईने की नवख्याला काही कळू नये. अखेर ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात आम्ही दोघी जावांनी कॅलेंडरवर खुणा करून पाण्याचे दिवस वाटून टाकले : सम तारखा त्यांच्या, विषम आमच्या. नवऱ्यांनी कुरकुर केली, पण मोटर त्याप्रमाणे चालू लागली. पुढे ३१ तारखेनंतर लगेच १ तारीख येते आणि आपल्याला सलग दोन दिवस पाणी मिळते, हे माझ्या यजमानांच्या लक्षात आले आणि कोणी न सांगता त्यांनी ३१ तारीख सोडून दिली. दिरांनी त्या दिवशी मोटर लावली, पण आभार काही मानले नाहीत. समेट तिथून सुरू झाला असे मी मानते. मिठ्या, अश्रू वगैरे आमच्याकडे झाले नाहीत. आता दोघे बाजारभाव आणि खत यांविषयी बोलतात, तेवढे पुरते.

अहिल्यानगरहून

माझ्या आत्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, म्हणून वडील तिच्याशी बोलत नसत, आणि मनात अढी असताना प्रभुभोजन (चर्चमधील भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेणे योग्य नाही म्हणून ते प्याल्यालाही हात लावत नसत. आम्ही याला मोठी निष्ठा समजत होतो. नव्या पाळकसाहेबांनी घरी येऊन शांतपणे विचारले, "ही शिक्षा तुम्ही स्वतःला देता आहात की बहिणीला?" वडील चिडले आणि पुढचे काही रविवार उपासनेलाच गेले नाहीत. शेवटपर्यंत ते आत्याकडे गेले नाहीत. ते आजारी पडल्यावर आत्याच आली.

जालना जिल्ह्यातून, एक शिक्षक

आमच्या पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाच्या घराने १९५६ नंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे भावकीत नाताळही आहे आणि १४ एप्रिलही. आमच्यातील काही जण चुलतभावांना केवळ लग्नकार्यात भेटत आणि भेटले की हातात धर्मपत्रिका ठेवत. चुलत्यांना डायलिसिससाठी संभाजीनगरला नेण्याची वेळ आली तेव्हा आम्ही गाडीच्या पाळ्या लावल्या आणि वाटेत धर्माचा विषय काढायचा नाही असे ठरवले. तो चुलत्यांनीच काढला. येशूविषयी त्यांची काही तक्रार नव्हती, त्यांनी आम्हाला विचारले, "इतकी वर्षं कुठं होता रे?" याला उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याऐवजी पुढच्या पाळीला वेळेवर जाणे आम्हाला बरे वाटले.

नाव व गाव न देता, एक बहीण

थोडा विरोधी सूर लावते. नवऱ्याच्या मारहाणीविषयी मी वडीलधाऱ्यांना सांगितले, तेव्हा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील, प्रीती सर्व काही सहन करते, हेच मला ऐकवण्यात आले. त्याच्या आधीच्याच ओळीत प्रीती अनीतीत आनंद मानत नाही असेही आहे, ते कोणी वाचून दाखवले नाही. मी वेगळी राहते. त्याचे वाईट व्हावे अशी प्रार्थना मी करत नाही, आणि माझ्या दृष्टीने क्षमा एवढीच आहे. एका छताखाली परत जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

(भगिनी, लिहिल्याबद्दल आभार. माझ्या प्रस्तावनेत ही बाजू राहिली होती. वेदीवरून उठून जाण्याची आज्ञा ज्याने दुखावले त्याला आहे. मार खाणाऱ्याने जाऊन पाय धरावेत असे त्यात कुठेही नाही.)

पुण्याहून, संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे एक सभासद

१८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या संस्थेचा भर गरजूंच्या घरी जाऊन भेटण्यावर आहे. आम्ही मात्र शिधा देऊन दारातूनच परतत असू. घाई असे, आणि खरे सांगायचे तर आत बसून काय बोलावे हे सुचत नसे. शिधा घेणाऱ्या एका आजींनी हे आम्हाला स्पष्ट सुनावले. आमच्या सभेत पैशांची पिशवी फिरते आणि प्रत्येक जण त्यात मूठ झाकून हात घालतो, त्यामुळे कोणी किती दिले, किंवा दिले की नाही, हे कळत नाही. हे ऐकल्यावर आजी स्वतः सभेला येऊ लागल्या. आता त्या इतरांच्या घरी भेटीला जातात, आणि शिधा उंबऱ्यावर ठेवून परत आलेल्यांना पुन्हा त्याच घरी पाठवतात.